ब्रेक लागला होता, इलाही

दोन हजार पंचवीस साल, आणि मी एकाहत्तर वर्षांचा. तुझं वय मी लिहीत नाही. त्यावरनं आपलं कधी जमलंच नाही. तू म्हणायचास, "मी तुज्यापेक्षा धाकटा हाय, मला नावानं हाक मार." मग शाळेत तू माझ्या पुढच्या यत्तेत बसत होतास ते काय उगंच? मास्तरांनी तुझीही जन्मतारीख अंदाजानं टाकली आणि माझीही. आता मिरजेच्या दवाखान्यानं तुझ्या दाखल्यावर चौऱ्याहत्तर लिहिलंय. म्हणजे तू थोरला. जिंकलो मी. भांडायला मात्र तू नाहीस.

तुला माती देऊन आज नववा दिवस. सांगलीचे सायकलवाले काल येऊन गेले. तेच, डोक्यावर टोपडं घालून आपल्या खोऱ्यात दर रविवारी येणारे. तुझ्या नावानं छोटं पुस्तक काढणार आहेत. मला म्हणाले, "आजोबा, मिस्त्रींच्या चार गोड आठवणी लिहून द्या." मी चौथी शिकलेला. मस्टरवर सही करण्यापलीकडं मी जन्मात काही लिहिलं नाही. नको म्हणून उठत होतो, तेवढ्यात त्यांतल्या एकानं पहिल्या पानावरचा मजकूर वाचून दाखवला. त्यात होतं, 'सायकलचा ब्रेक निकामी झाल्याने मिस्त्री पडले.' ते ऐकलं आणि मी खाली बसलो. म्हटलं, वही ठेवून जावा.

ते छापलं जाऊ नये एवढ्यासाठी मी लिहितोय. गोड आठवणी दुसऱ्या कुणाकडनं घ्याव्यात.

तुझे अब्बा आष्ट्याहून आमच्या गावाला आले आणि स्टँडजवळ पत्र्याचं दुकान टाकून बसले, तेव्हा मी तुझ्या खांद्याला लागत होतो. (बघ, पुन्हा वयाचं निघालं.) पुढं दुकान तुझं झालं. पन्नास वर्षं या पंचक्रोशीत ज्याच्याकडं सायकल त्याचा ब्रेक तुझ्या हातचा. पोरींच्या शाळेच्या सायकली तू रस्त्यात अडवायचास. "थांब गं, बिरेक दाब. दाब जोरात. आता जा." फुकट. चाकाची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तोंडात बिडी, एक डोळा मिटलेला, आणि कुणी बोललेलं तुला ऐकू यायचं नाही. एकदा सरपंच अर्धा तास उभा होता. तू वर बघितलंच नाहीस. शेवटी म्हणालास, "सरपंच, तुमच्यापेक्षा चाक लवकर ऐकतंय."

आणि मी मैलकुली. आताच्या माणसांना हा शब्द ठाऊक नाही म्हणून सांगतो. पूर्वी रस्त्याचा एकेक तुकडा एकेका माणसाच्या अंगावर असायचा. खड्डा पडला, गटार तुंबलं, दरड आली, की त्यानं बघायचं. आपल्या खोऱ्यातला नदीच्या अलीकडचा रस्ता, देवळापासून वरच्या खिंडीपर्यंतचा, तो माझा. डांबर त्याला कधीच लागलं नाही. खडी, वर मुरूम, पाणी, आणि धुमस. धुमस उचलून आपटून माझे दोन्ही खांदे गेले, पण पावसाळा संपल्यावर तो रस्ता चुलीपुढच्या जमिनीसारखा दिसायचा. मी छातीवर हात मारून सांगायचो की माझ्या तुकड्यावर आजवर कुणी पडलं नाही.

तू लगेच म्हणायचास, "पडलं न्हाई ते माज्या बिरेकमुळं."

"बिरेक काय करतोय? रस्ता वाईट आसला तर तुजा बिरेक आनखीच पाडतोय."

"आणि बिरेक वाईट आसला तर तुजा रस्ता काय हात धरून थांबवतोय?"

हा वाद आपण किती वर्षं घातला ते मोजता येणार नाही. कुठं कुणी सायकलवरनं पडलं असं कळलं, की आपण दोघंही बघायला जायचो. गावाला वाटायचं, काय माया आहे या दोघांना! तू जाऊन आधी चाक फिरवायचास आणि मी जमिनीवर बसून घसरणीची खूण बघायचो. वडूजच्या त्या मास्तराचा पाय मोडला तेव्हा तो कण्हत होता आणि आपण दोघं त्याच्या उशाशी भांडत होतो. त्याच्या बायकोनं हाकलून दिलं. वाटेत तू म्हणालास, "पर मुकादम, चूक रस्त्याचीच व्हती." मला मुकादम म्हणणारा तू एकटा. मी मुकादम कधी झालोच नाही. चौथीच्या पुढं शिक्षण नव्हतं म्हणून मला डावललं, आणि तू ते माझ्या जखमेवर रोज चोळायचास, आणि तेच मला गोड लागायचं. हे तुला सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस. म्हणून सांगितलं नाही.

मग नदीच्या पलीकडनं नवा डांबरी रस्ता झाला. त्याच वर्षी दरडीनं आपल्या रस्त्याची ओढ्यावरची मोरी तोडून नेली. ती कुणी बांधली नाही. एसटी पलीकडनं, जीपा पलीकडनं, ट्रक पलीकडनं. अलीकडं माझा रस्ता नुसता पडून राहिला. मी निवृत्त झालो होतो. बायको त्याच्या आधीच्या वर्षी गेलेली, मुलं पुण्यात. सकाळी उठायचं आणि कुठं जायचं? मी फावडं घेऊन तिथंच जायला लागलो. पगार नव्हता, मस्टर नव्हतं. लोक हसले. तू सगळ्यात जास्त हसलास.

"आरं, त्या रस्त्यावरनं जातंय कोण?"

"कुणी जाऊ न्हाईतर न जाऊ. रस्ता हाय तवर त्यो रस्त्यागत दिसला पायजे."

आठवड्यानं तू सायकल घेऊन तिथं हजर. डॉक्टरनं साखरेसाठी व्यायाम सांगितलाय म्हणालास. खोटं. दुकान तुझ्या पोरानं, अस्लमनं, हातात घेतलं होतं आणि तुझ्याही सकाळी रिकाम्या झाल्या होत्या. ते तू बोलला नाहीस, मीही विचारलं नाही.

त्या सकाळींचं मी काय लिहू? शहाणा माणूस असता तर त्यानं दोन पानं लिहिली असती. मला एवढंच येतं. खाली धरणाचं पाणी, त्यावर धुकं बसलेलं. वर डोंगराचा कडा उन्हानं आधी तांबडा व्हायचा, मग पिवळा. ना हॉर्न, ना धूर, ना मागनं कुणी येतंय म्हणून कडेला व्हायची घाई. नुसता टायरखाली मुरमाचा करकर आवाज. आणि तुझी बडबड. रस्त्याच्या मधोमध दोघं शेजारी शेजारी चालवायचो, लग्नाच्या वरातीसारखे. कधी भेकर आडवं यायचं, थांबून बघायचं आणि जायचं. मोरीशी आलो की उतरायचं, सायकली खांद्यावर घेऊन ओढ्यात उतरायचं, पलीकडं चढायचं. सत्तरीतली दोन म्हातारी एकमेकांच्या सायकली ओढतायत. खिंडीत पोचलो की तू भाकरी सोडायचास. जैनब वहिनींच्या हातची, लसणाच्या चटणीची. माझ्या वाटणीची निराळी बांधलेली असायची, कमी तिखटाची. दात गेलेत माझे, ते त्यांच्या ध्यानात होतं.

सांगलीची मंडळी पहिल्यांदा आली तेव्हाचं आठवतंय? कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की इथं गाड्या नसलेला खडीचा रस्ता आहे. त्यांच्या सायकली बघून तू वेडा झालास. जाड टायर, मेंढ्याच्या शिंगासारखं हँडल. तू जमिनीवर मांडी घालून बसलास आणि त्या माणसाला म्हणालास, "सायब, जरा बाजूला व्हा, मला हिच्यासंगट बोलायचं हाय." तो सांगत होता की असल्या वाटेवर सायकल चालवायला लोक विमानानं परदेशात जातात, बर्फाच्या डोंगरात. तू विचारलंस, "मग तिकडची मानसं कुटं जात्यात?" सगळे हसले. ती माणसं गेल्यावर तू मला म्हणालास, "ऐकलंस का? तुजा रस्ता बर्फाच्या डोंगरातल्या रस्त्यागत हाय म्हनं." थट्टा नव्हती त्यात. आयुष्यात एकदाच तू माझ्या रस्त्याला चांगलं म्हणालास, आणि मी काय बोललो? "मग? मी काय येवडी वर्सं झक मारत व्हतो?"

त्यानंतर दोन महिने तू दुकानाच्या मागं बसून आपल्या काळ्या बावीस इंची सायकलीला जाड टायर बसवत होतास. सांगाड्याचा मागचा चिमटा कापून रुंद केलास, ब्रेक नवे घडवलेस. अस्लम म्हणाला, "अब्बा, नवी आणू." तू त्याच्याशी दोन दिवस बोलला नाहीस. ती सायकल पहिल्या दिवशी उतारावर तू अशी थांबवलीस की मागचं चाक जागच्या जागी आवळलं. उतरून मला खूण दाखवलीस. "बग. बोटभर सुदीक हालली न्हाई. कुटंबी थांबवून दाखवतो."

आता पुढचं.

दिवाळीनंतर सांगलीवाल्यांनी निरोप पाठवला की येत्या रविवारी तीसेक जण येणार. मला चेव चढला. खिंडीच्या अलीकडं रस्ता जरा खाली उतरून मग चढतो, त्या उताराच्या वळणावर पावसानं तो खाल्ला होता, हातभर रुंद घळ पडली होती. ती भरायची मी घेतली. जुन्या ढिगातली मोठी खडी होती, ती टाकायला काढली. तू गुरुवारी बघायला आलास आणि म्हणालास, "मुकादम, ह्यावर मुरूम न्हाई टाकला तर चाक फिरंल. खडी आजच टाकू नगंस. मुरूम आन, मग एकदमच टाक."

बरोबर होतं तुझं. मैलकुलीच्या पहिल्या दिवशी शिकवतात ते. पण तू मला सांगितलंस, म्हणून मी ऐकणार नव्हतो.

"चाकाचं तू बग. रस्ता मला शिकवू नगंस."

"शिकवतोय कोन? सांगतोय."

"पंक्चर काडनाऱ्यानं रस्त्यावर बोलू न्हाई."

हे मी बोललो. पन्नास वर्षांत आपण एकमेकांना काय काय बोललो, पण धंद्यावरनं हलकं कधी बोललो नव्हतो. तू सायकल वळवलीस. जाताना एवढंच म्हणालास, "उद्या मी येत न्हाई."

मी त्या रागात दिवस मावळेपर्यंत खडी टाकली. घळ भरली. मुरूम राहिला. आणि निशाण लावलं नाही.

वाचणाऱ्याला समजावं म्हणून सांगतो. खडी पसरून उघडी टाकून जायची वेळ आली, तर आधी दोन्ही अंगांना काठीला लाल फडकं लावायचं, चुन्याचे दगड मांडायचे, आणि मगच घरी जायचं. आमच्या गँगमध्ये निशाण लावल्याशिवाय कुणी पाणीसुद्धा पीत नसे. मी नोकरीत एक दिवस ते चुकवलं नाही. त्या दिवशी लाल फडकं माझ्या पिशवीतच होतं. ते काढायचं, काठी तोडायची, रोवायची, पाच मिनिटांचं काम. पण मनात आलं, इथं येतंय कोण? येणारा एकच माणूस, आणि तो म्हणालाय उद्या येत नाही.

सकाळी मी मुरूम न्यायला निघालो. तुझी टायरची खूण मला देवळापासनंच दिसली. ओल्या मातीवर ताजी. माझ्या आधी गेला होतास. आणि तुला वाटत असेल मला कळलं नाही, तर कळलं होतं. तुझ्या कॅरेजला घमेलं बांधलेलं होतं. मुरूम ओढू लागायला आला होतास. भांडून गेलेला माणूस पहाटे घमेलं बांधून आला होता.

तू वळणाखाली बांधाला टेकून बसला होतास. पाय नको तिकडं वळलेला. तोंड पांढरं. मला बघून म्हणालास, "आलास? बस." जसं काय भाकरी सोडायची होती.

मी आधी तुझ्याकडं बघायला पाहिजे होतं. मी रस्त्याकडं बघितलं. वळणाच्या वर, खडी सुरू व्हायच्या आधीपासनं तुझ्या मागच्या चाकाची खूण होती. एकसारखी, काळी, माणसाच्या दोन उंचींएवढी लांब. चाक आवळलेलं. तुला खडी दिसली होती आणि तू ब्रेक दाबला होतास आणि तो लागला होता, जसा तू केला होतास तसाच. मग ती खूण माझ्या खडीत शिरली आणि खडी चाकाखालनं निसटली. सगळं तिथं लिहिलेलं होतं. कुठल्याही सायकलवाल्याच्या अपघातात मी जे वाचत आलो ते.

मग मी काय केलं ते तू बघितलंस. दुसऱ्या कुणी बघितलं नाही. मी गावात फोन केला, माणसं बोलावली, आणि ती यायच्या आत फावडं घेऊन खडी कडेला ओढली. घळीवर आणि त्या खुणेवर माती सारली. पायानं दाबली. तुला म्हणालो, "उचलून न्यायला वाट पायजे." तू डोळे मिटून घेतलेस. दुखत होतं म्हणून की मला बघवत नव्हतं म्हणून, ते मला कधी कळणार नाही.

तुला वाकळेत घालून आम्ही सहा जणांनी आणलं. मोरीच्या ओढ्यात उतरताना तू ओरडलास. एकदाच. पुढं जीप होती.

मिरजेत अस्लमनं विचारलं, "अब्बा, झालं काय नेमकं?" मी खाटेच्या पायथ्याला उभा. तू माझ्याकडं बघितलंस. मग वरच्या पंख्याकडं.

"बिरेक लागला न्हाई."

"तुमचा?" अस्लमला खरं वाटेना. "तुमी केल्याला बिरेक?"

"माजाच. रबर घासल्यालं. बगायचं ऱ्हाऊन गेलं."

अस्लमचं तोंड बघवत नव्हतं. आणि मी, इलाही, मी खाटेची पट्टी धरून उभा राहिलो आणि एक शब्द बोललो नाही. तू मला जिंकू दिलंस. इतक्या वर्षांच्या भांडणात तू पहिल्यांदा मान्य केलंस की चूक सायकलीची. आणि मला ती जीत हातात धरवेना, टाकवेना.

कुणी मागितलं होतं तुझ्याकडं? हे मी तुला रोज विचारतो. माझ्यावर दया केलीस का? मला दया चालत नाही, तुला ठाऊक आहे. का तुला वाटलं की या म्हाताऱ्याकडं रस्त्याशिवाय काही उरलेलं नाही, तो तरी राहू दे? का तू चिडला होतास आणि हीच शिक्षा दिलीस? पंक्चर काढणारा म्हणालो त्याची? तसं असेल तर चांगली दिलीस. आयुष्यभर पुरेल एवढी, आणि आयुष्य आता फार नाही.

गावात दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. चहाच्या गाड्यावर एक जण म्हणाला, "जन्मभर दुनियेचं बिरेक दाबून बगितलं, आणि सोताचाच लागला न्हाई." दुसरा म्हणाला, "वय झालं की हात चुकतोय. आता पोराचा तरी काय भरवसा?" मी तिथं बसलो होतो. कप खाली ठेवला आणि उठून आलो. एवढंच. एका आईनं पोरीची सायकल तुमच्या दुकानातनं उचलून नव्या दुकानात नेली, तेही मी डोळ्यांनी बघितलं. अस्लम हातात पाना घेऊन बघत राहिला. त्याच दुपारी त्यानं तुझी सायकल बाहेर काढली आणि घणानं तिचे ब्रेक ठेचले. रबर, वायर, पट्ट्या, सगळं. रडत रडत. "ह्यानंच पाडलं अब्बांला." मी धावलो, पण पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. रस्त्यावरची खूण मी मिटवली आणि सायकलीवरची त्यानं.

दवाखान्यात तू अकरा दिवस होतास. हाड बसवलं, पण साखर होती, मग छाती भरली. डॉक्टरांनी खूप केलं. मी रोज एसटीनं येत होतो. रोज ठरवून यायचो की आज अस्लमपुढं बोलायचं, तुझ्यासमोर, म्हणजे तू नाही म्हणू शकणार नाहीस. आणि रोज वाटायचं, उद्या. तू बरा होऊन घरी आलास की खिंडीत नीट भांडून मग ठरवू. मला वाटलं वेळ आहे. बोलावं लागू नये म्हणून मी तू बरा व्हावास असं मागत होतो. दुसऱ्या कशासाठी मागितलं असतं तर कदाचित मिळालं असतं.

नवव्या दिवशी आपण दोघंच होतो. नळी लावलेली, तुला बोलताना दम लागत होता.

"मुकादम. आयतवारी ती मानसं आलती का?"

"आलती."

"कुणी पडलं?"

"न्हाई."

तू मान हलवलीस. तुला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, मी बघितलं. तेव्हा मी म्हणायला पाहिजे होतं, "इलाही, तू खोटं का सांगितलंस?" मी म्हणालो, "पानी पितोस का?" तू नको म्हणालास. हे आपलं शेवटचं बोलणं. पन्नास वर्षं तोंडाला तोंड देऊन भांडलेल्या माणसांचं शेवटचं बोलणं पाण्यावर संपलं.

माती द्यायला अख्खं गाव होतं. मीही तीन मुठी टाकल्या. कुणीतरी मला दंडाला धरलं. लोक म्हणत होते, काय दोस्ती होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या घरी गेलो.

अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. जैनब वहिनींच्या तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. अस्लम ओट्यावर होता. म्हणाला, "काका, अम्मा आता इद्दतीत बसल्यात. चार म्हैनं धा दिवस भाईरच्या मानसासमोर येत न्हाईत." मी या घरात बाहेरचा कधी नव्हतो, पण रीत ती रीत. दार लोटलेलं होतं. मी दाराशी बसलो आणि आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो.

"वहिनी, बिरेक लागला व्हता. मी डोळ्यानं खून बगितली. खडी मी टाकली व्हती. निशान लावलं न्हवतं. मानसं यायच्या आदी मी ती खून पुसली. इलाही माज्यासाठी खोटं बोलला."

आत कुणीतरी कुराण वाचत होतं, ते थांबलं. अस्लम उठला. मला वाटलं, आता तो मला ओट्यावरनं खाली ओढील. ओढावं. मी तयार होतो.

तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, किती दिस झालं झोपला न्हाईसा तुमी?"

"आरं, मी खरं सांगतोय."

"आवं, अब्बांनी सोताच्या तोंडानं सांगितलंय. मरनारा मानूस खोटं कशाला बोलंल? अब्बांचा दोष सोताकडं घ्यायला बगताय तुमी, कळतंय आमाला. पर असलं मनाला लावून घेऊ नका."

"अस्लम, खून व्हती रं. दोन पुरुस लांब. मी पुसली."

"बरं, बरं." लहान पोराला म्हणतात तसं. मग आतनं वहिनींचा आवाज आला, दाराआडनं, रडून बसलेला. "अस्लम, त्यांला म्हनावं, तुमचं मन ह्यांला ठावं व्हतं, आमालाबी हाय. पोटात काय न्हाई तुमच्या सकाळपास्नं, आदी च्या घ्या."

तुमच्या घरात तीन दिवस चूल पेटणार नव्हती. चहा शेजारच्यांकडनं आला होता, किटलीत. अस्लमनं कपात ओतला आणि माझ्यापुढं धरला. मी पुन्हा एकदा तोंड उघडलं. तो म्हणाला, "काका, गार हुतोय."

मी कप घेतला. बशीत ओतला. आणि प्यालो.